वाढप्याच्या हातातलं माप: हायवेवरच्या अनलिमिटेड खानदेशी थाळीचं परीक्षण

भरीत उत्तम आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खानदेशी वाचकाचा जीव भांड्यात पडेल. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही, आणि जळगावजवळच्या बांभोरी ते नशिराबाद या हायवेच्या पट्ट्यातल्या ज्या हॉटेलात ही थाळी वजनकाट्यावर तोलून घेतली, तिथला भरीत करणारा आपलं काम जाणतो. हॉटेलचं नाव देत नाही, कारण प्रश्न त्या एका गल्ल्याचा नाही. ‘अनलिमिटेड खानदेशी थाळी, ३०० रुपये’ असा बोर्ड असलेल्या बहुतेक ठिकाणी ताट हेच आणि हिशोबही जवळपास हाच.

हे परीक्षण खास करून परदेशात राहून आलेल्यांसाठी आहे. मुलगा-सून तिकडे आणि आई-वडील अधूनमधून पाच-सहा महिने तिकडे, अशी घरं आता जळगाव-धुळ्यातच काय, चोपडा-शिरपुरातही सापडतात. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘तिकडची माणसं काय एकेक जाड हो, त्या मानाने आपण बरे.’ दुसरं, ‘आपल्या जेवणातच खोट आहे. भाकरी-भात बंद, उद्यापासून ओट्स.’ दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि ती कुठे चुकतात हे बघायला या थाळीइतकी सोयीची जागा नाही.

पहिल्या वाक्याचा निकाल चटकन लावू. मधुमेहाचे दोन अभ्यासक, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडचा माणूस सडपातळ दिसतो तेव्हाही आत चरबी बाळगून असतो, आणि ती बहुतेक पोटात. म्हणून भारतीयांसाठी जादा वजन आणि लठ्ठपणा यांची बीएमआयची रेघ २५ आणि ३० वर नसून २३ आणि २५ वर ओढलेली आहे, आणि कमरेची पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मधुमेह अभ्यासात बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २८.६ टक्के निघाला आणि पोटाचा ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फरकातली माणसं आरशात बारीकच दिसतात.

कंबर मोजायची तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. पॅन्टच्या मापावर जाऊ नका. आपल्याकडे पोट वाढलं की पॅन्ट पोटाखाली सरकते, आणि माणूस पंधरा वर्षं ‘आपलं ३४च आहे’ असं सांगत राहतो.

आता ताट. स्टीलचं, मोठं, वाट्या बसवायला खळगे नसलेलं. पहिल्या फेरीत वाढून आलं ते असं: भरीत २०० ग्रॅम, पुऱ्या ४, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी अर्धी, शेवभाजीची वाटी १५० ग्रॅम, वरण एक वाटी आणि त्यावर तुपाचा चमचा, तळलेल्या बट्टीचे दोन तुकडे, भाताची मूद, तळलेला पापड, एक गुलाबजाम, ताक. बाजूला कांदा, मुळा, हिरवी मिरची, लिंबू. बोर्डावर ‘अनलिमिटेड’ लिहिलंय, पण खरं तर ही पहिली फेरीच पुरेशी आहे. ढोबळ हिशोबाने ती २,००० कॅलरींच्या आसपास जाते. वीस टक्के इकडेतिकडे धरा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जे दिवसाचं आदर्श ताट मांडलं, तेही २,००० कॅलरींचंच आहे. फक्त त्यांच्या ताटात सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण दोन्ही बसतात, आणि दिवसभराचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम असतं. इथे एका बैठकीत ८० ग्रॅमच्या आसपास तेल-तूप पोटात जातं.

हे ८० ग्रॅम येतात कुठून? भरितापासून सुरुवात करू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

वांगं मोठं, हिरवट-पांढरं, एकेक पाव ते अर्धा किलोचं. आकाराच्या मानाने हातात हलकं लागलं तर बी कमी, जड लागलं तर बियांनी भरलेलं. भोकं पाडून ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. भोकं पाडली नाहीत तर फुटतं. साल सगळीकडून काळी पडली आणि देठाजवळचा भाग बोटाने दबला की झालं. इथे घाई केली तर देठाकडचा गर कच्चा राहतो आणि भरीत तुरट लागतं. साल काढायची ती हात पाण्यात बुडवून. वांगंच नळाखाली धरलं की धुराचा वास पाण्याबरोबर वाहून गेला. मग लाकडी बडजीत, म्हणजे भरीत घोटायच्या भांड्यात, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधी ठेचायचे, वर वांगं घालून घोटायचं. एक किलो वांग्यातून साल, देठ आणि पाणी जाऊन ६५०-७०० ग्रॅम गर हाती लागतो. इथपर्यंत या पदार्थात तेलाचा थेंब नाही. १०० ग्रॅम वांग्यात जेमतेम २५ कॅलरी. जगातल्या कुठल्याही डाएटवाल्याने हात जोडावेत असा पदार्थ.

पुढे फोडणी येते. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि तेल. घरी एक किलो वांग्याला साधारण ६० मिली तेल लागतं. पाच जणांत वाटलं तर माणशी ११ ग्रॅम, १०० कॅलरी. हॉटेलच्या भरितात हेच १५० मिलीपर्यंत जातं: माणशी २७ ग्रॅम, २५० कॅलरी. म्हणजे एका वाढपात दिवसाचा तेलाचा कोटा संपला, आणि ताटात अजून पुऱ्या यायच्याच आहेत.

हॉटेलात तेल इतकं का लागतं, याचं कारण वांग्यातच आहे. कच्चं वांगं स्पंजासारखं तेल पितं, हे काप तळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाजलेल्याचं तसं नाही. जाळावर त्यातल्या हवेच्या पोकळ्या बसतात, गर पाण्याने भरलेला असतो, त्यामुळे घातलेलं तेल आत मुरत नाही, कडेने सुटतं. आणि ‘तेल सुटलं’ ही तर आपली भरीत झाल्याची खूण! गिऱ्हाईक ती चकाकी बघून खूश होतं. दुसरं कारण धंद्याचं. सकाळी घोटलेलं भरीत ऑर्डरगणिक तव्यावर परततात, चिकटू नये म्हणून दर वेळी पळी फिरते. दुपारी तीनला आलेल्या भरितात दोनदा-तीनदा तेल पडलेलं असतं.

हीच गोष्ट उलट बाजूने उपयोगी पडते. तेल मुरलेलं नसल्यामुळे ते वेगळं करता येतं. भरीत ताटाच्या एका बाजूला घ्या, त्या बाजूच्या कडेखाली चमचा सरकवून ताट कलतं करा आणि पाच मिनिटं कांदा-मुळा खात बसा. २०० ग्रॅम गरम भरितातून अडीच छोटे चमचे, म्हणजे १२ मिली तेल खाली आलं. १०० कॅलरी सुटल्या आणि चवीत फरक पडला नाही. भरीत गार झालं तर मात्र तेल गराला धरून बसतं आणि ही युक्ती फसते.

इथे तिकडचा एक धडा कामाचा आहे. लेबनॉन-सीरियापासून आखातापर्यंत भाजलेल्या वांग्याचं भरीतच खातात. बाबा गनूश म्हणतात. वांगं असंच जाळावर काळं करायचं, साल काढायची, त्यात ताहिनी म्हणजे तिळाचं वाटण, लसूण आणि लिंबू. ऑलिव्ह तेल मात्र बहुधा शेवटी, वाढताना, वरून. पसरट वाडग्यात भरिताला चमच्याने खळगा पाडतात आणि त्यात तेलाची धार सोडतात. किती तेल आहे ते खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. (ताहिनी स्वतः तेलकटच, तेव्हा तो पदार्थ काही उपासाचा नव्हे.) परदेशातून आलेली मंडळी या प्रकारातून नेमकी चुकीची वस्तू उचलतात. ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन येतात आणि ते ‘हेल्दी’ म्हणून सढळ हाताने ओततात. तेल शेंगदाण्याचं असो, सरकीचं असो की ऑलिव्हचं, एका ग्रॅमला कॅलरी ९च. उचलण्यासारखी गोष्ट होती ती तेल वरून घालण्याची. खानदेशी भरिताला ती सहज जमते: घोटताना तेल एक पळी, आणि लसूण-मिरचीची गरम फोडणी टेबलावर वाटीत वेगळी. ज्याला दोन चमचे हवं तो दोन घेईल, ज्याला आंघोळ घालायची तो घालेल.

भरिताबरोबर पुरी की भाकरी, यावर खानदेशातल्या लेवा पाटीदार समाजाच्या मंडळींशी वाद घालायची आमची छाती नाही. थंडीतल्या भरीत पार्टीला पुरी हवीच. पण रोजचा सवाल असेल तर आकडे बोलतात. एक पुरी २५ ग्रॅम कणकेची. नीट तळली तर ४-५ ग्रॅम तेल घेते. चार पुऱ्या म्हणजे साधारण ३८५ कॅलरी, त्यातल्या जवळपास निम्म्या तेलाच्या. पुरीत तेल तळतानाच शिरतं असा समज आहे. तळताना आतली वाफ बाहेर येत असते, ती तेलाला आत येऊ देत नाही. पुरी बाहेर काढली, गार होऊ लागली की आतली वाफ बसते, पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून पहिलं अर्धं-एक मिनिट महत्त्वाचं. झाऱ्यावर झटकून, जाळीत उभी ठेवलेली पुरी कमी तेलकट. परातीत एकीवर एक रचलेली पुरी शेजारणीचंही तेल पिते. या हॉटेलात रचतात. सैल कणीक आणि कोमट तेल ही तेलकट पुरीची उरलेली दोन कारणं. इथे कणीक घट्ट होती, तेल पुरेसं तापलेलं होतं, तेवढे गुण त्यांचे.

कळण्याची भाकरी मात्र परदेश बघून आलेल्यांनी नव्याने ओळख करून घ्यावी अशी वस्तू आहे. दादर ज्वारी एक किलोला सालासकट उडीद पाव किलो, चवीला मीठ, आणि दळण किंचित जाडसर. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, तो उडीद पुरवतो, म्हणून ही भाकरी थापताना कमी तडकते. ९० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर २९० कॅलरी, ११ ग्रॅम प्रथिनं आणि दहाएक ग्रॅम तंतू. तिकडच्या दुकानांत ‘मल्टिग्रेन, हाय फायबर’ असा शिक्का मारून जे विकतात, त्याची आजी इथे चुलीवर बसलीय. या थाळीची सगळ्यात मोठी चूक हीच की त्यात ही भाकरी अर्धीच देतात आणि पुरी मागाल तितकी.

हॉटेलचा कळणा खरा की खोटा ते ओळखणं सोपं आहे. भाकरीवर उडदाच्या सालीचे काळे ठिपके स्पष्ट दिसले पाहिजेत आणि तुकडा मोडताना तो तुटला पाहिजे. पोळीसारखा लवत, ताणत असेल तर लाटायला सोपं जावं म्हणून गव्हाचं पीठ मिसळलंय. इथली भाकरी पहिल्या खेपेला खरी निघाली. गर्दी वाढल्यावर आलेली दुसरी बरीच लवचिक होती.

शेवभाजी. हिच्या नावातला ‘भाजी’ हा शब्द सगळ्यांत फसवा. ताटात भाजी आली असं मनाला वाटतं, प्रत्यक्षात ते बेसन तेलात तळून पुन्हा तेलात बुडवलेलं असतं. वाटीभर शेवभाजीत जाड शेव ३५ ग्रॅम, म्हणजे १९० कॅलरी. वरची तर्री १५ ग्रॅम, १३५ कॅलरी. उरलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला. काळा मसाला इथला फर्मास आहे, खोबरं जळकं लागत नाही. पण ‘मी तर्री खात नाही, शेव तेवढी काढून खातो’ म्हणणाऱ्यांनी थांबावं. शेव रश्शात पडून पाच मिनिटं झाली की ती फुगते, म्हणजेच तर्री तिच्या पोटात जाते. वरचं तेल काढायचं तर शेव पडण्याआधी. शेव वेगळ्या वाटीत मागवा. रस्सा मिनिटभर स्थिर ठेवून वरचा लाल थर पळीने काढा, मग मूठभरच शेव टाका आणि लगेच खा. कुरकुरीतही राहते. वेगळी शेव मागितल्यावर वाढप्याने आधी चमकून पाहिलं, पण दिली.

बट्टीबद्दल थोडक्यात. खानदेशी बट्टीत कणीक रवाळ, थोडा मका, हळद, ओवा. उंडे वाफवून, कापून मग तळतात. वाफवलेल्या बट्टीला तळायची सक्ती कुणी केलेली नाही. तव्यावर तुपाचा एक चमचा फिरवून परतली तरी वरणात तीच चव देते. हॉटेलवाल्याला सांगून उपयोग नाही, घरी करा. गुलाबजाम कुठेही मिळतो तसाच. जळगावच्या केळीलाही २०१६ सालीच मानांकन मिळालंय, आणि केळीच्या बागांमधून जाणाऱ्या हायवेवर जेवणाच्या शेवटी फळ म्हणून केळं कुणी पुढे करत नाही, हे नवलच. वरण साधं आणि चांगलं.

मीठ या थाळीत चांगलंच आहे, पापड आणि मिरचीत विशेष. मार्गदर्शिकेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम. याबाबतीत जपानचं उदाहरण कुणी दिलं तर ऐकू नका. मिसो, लोणची आणि सोया सॉसपायी तिथलं रोजचं मीठ १० ग्रॅमच्या घरात आहे.

जपानकडून घ्यायचं ते दुसरंच. तिथल्या साध्या खानावळीत ‘तेइशोकू’ नावाचं ताट मिळतं. दिसायला आपल्या थाळीचा चुलतभाऊ: भाताचा वाडगा, सूप, एक मुख्य पदार्थ, एखादी भाजी, लोणचं. घरगुती वाडग्यात शिजवलेला भात साधारण १५० ग्रॅम बसतो. काही ठिकाणी भात पुन्हा फुकट मिळतो, पण तो उठून किंवा हाक मारून मागावा लागतो. आपल्या थाळीत याच्या नेमकं उलटं आहे: वाढप आपोआप येतं, आणि थांबवण्यासाठी हाक मारावी लागते. सगळा फरक इथे आहे. तांदूळ, वांगं, डाळ यांचा यात काही दोष नाही.

या हॉटेलात गरम पुरी घेऊन वाढपी दर दोन-तीन मिनिटांनी फिरत होता. ताटात पुरी असली तरी ‘आखो एक ल्या ना भाऊ, गरम शे’ (अजून एक घ्या ना भाऊ, गरम आहे). पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात असं धरतात; तेवढ्या वेळात सात ते दहा फेऱ्या होतात. हात आडवा धरला तर तो संकोच समजला जातो. पंगतीतला आग्रह पंगतीपुरता ठीक होता. ती वर्षातून चार वेळा असायची आणि तिथे जेवणारा सकाळपासून शेतात राबलेला असायचा. हायवेवर तोच आग्रह रोज आहे, आणि जेवणारा एसी गाडीतून उतरून वीस पावलं चालत आलेला आहे. दुसरी फेरी घेतली तर हिशोबात आणखी ७०० ते ९०० कॅलरी मिळवा.

वाढप्याला थांबवायचा एक खात्रीचा उपाय आहे: ताक उचला. ताकाचा पेला ओठाला लागला की त्याच्या लेखी जेवण संपलं, तो दुसऱ्या टेबलाकडे वळतो. म्हणून ताक शेवटी ठेवू नका, पहिल्या दहा मिनिटांतच घ्या.

अमेरिकेतलं चित्र वेगळं. तिथे एका डिशमध्ये दोन माणसांचं अन्न येतं, आणि प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के लोकांचा बीएमआय ३० च्या वर आहे, तेव्हा त्यांच्याकडून जेवण शिकायला जाऊ नये. दोन गोष्टी मात्र घ्याव्यात. उरलेलं अन्न डब्यात भरून घरी नेण्यात तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही. आपण ‘ताटात टाकू नये’ म्हणून ते पोटात टाकतो. आणि २०१८ पासून २० किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर पदार्थासमोर कॅलरी छापाव्या लागतात. इंग्लंडमध्येही २०२२ पासून २५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्यांना हेच बंधन आहे. आपल्याकडेही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा असा नियम आहे, पण तो केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना. हायवेवरच्या एकांड्या थाळीवाल्याला तो लागू नाही, आणि लागू केला तरी ‘अनलिमिटेड’समोर आकडा कुठला छापणार?

तळणाच्या तेलाचा नियम मात्र सगळ्यांना आहे. जुलै २०१८ पासून तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात वाढणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं. यंत्राशिवाय ओळखायचं तर कढईच्या कडेला चिकट तपकिरी थर, तळण नसतानाही टिकणारा बारीक फेस आणि लवकर उठणारा धूर या खुणा बघा. इथे दुपारी एकला तेल स्वच्छ होतं. तीनला फेस धरू लागलं होतं.

परदेशवारीनंतरचा आणखी एक गोंधळ इथेच निस्तरू. ‘तिकडे पंधरा दिवस ब्रेड, चीज, बटाटे खाल्ले तरी वजन वाढलं नाही, आणि इथे भाकरीने वाढतं’, हे खरं असू शकतं, पण भाकरीमुळे नाही. सहलीत माणूस मेट्रोचे जिने, संग्रहालयं, बाजार असं करत दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज चालतो. ६५-७० किलोच्या माणसाला एका किलोमीटरला साधारण ५० कॅलरी लागतात. आठ किलोमीटर जास्तीचे म्हणजे ४०० कॅलरी. घरी आल्यावर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही गाडीला किक बसते. एप्रिल-मे मधल्या ४४-४५ डिग्रीत खानदेशात चालायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. सकाळी साडेसहाच्या आत, नाहीतर रात्री जेवणानंतर. तिसरी वेळ नाही.

मग या हॉटेलात जावं की नाही? जावं, पण थाळी घेऊ नये. मेनूकार्डच्या दुसऱ्या पानावर सुटे पदार्थ आहेत. अर्धी प्लेट भरीत तेल निथळून, एक अख्खी कळण्याची भाकरी, बिनतुपाचं वरण वाटीभर, भरपूर कांदा-मुळा-काकडी आणि ताकाचा पेला. हे सगळं ६०० कॅलरींच्या आसपास बसतं, पोट गच्च भरतं आणि बिल २४० रुपये झालं. दोघे असाल तर एक शेवभाजी मधे घ्या, शेव वेगळी. चवीला पाचपैकी साडेचार, कळण्याला चार, पुरी रचण्याच्या पद्धतीला दोन. ‘अनलिमिटेड’ला गुण देता येत नाहीत.

मालकाला सुचवायच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. थाळीत भाकरी आणि पुरीचं प्रमाण उलटं करा: भाकरी हवी तितकी, पुऱ्या दोनच. भरिताची फोडणी वेगळ्या वाटीत द्या. एक किलो वांग्यामागे ९० मिली तेल वाचतं, महिन्याकाठी डबे मोजून बघा. १५० रुपयांची अर्धी थाळी बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा. आज ती फक्त मुलांना, तीही विचारल्यावर मिळते.

घरच्या डब्यालाही हाच हिशोब लावता येतो. माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरले तर चार जणांच्या घरात १५ किलोचा तेलाचा डबा साडेचार महिने जायला हवा, आणि त्यात तूपही धरलेलं आहे. डबा फोडला की झाकणावर मार्करने तारीख टाका. दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी ६२ ग्रॅम जातंय. मग ओट्सचा पुडा कितीही महागाचा आणा, गणित सुटत नाही.

भरिताचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन वाढलं की वांग्यात बी धरतं, भरीत कडवटतं, आणि तो कडवटपणा झाकायला पळी आणखी मोठी होते. जायचं तर त्याआधी जा, आणि दुपारी एकच्या आत, भरीत तव्यावर दुसऱ्यांदा चढण्यापूर्वी.